कलमाखालचे फुटवे

मागच्या खोलीत कालच या हंगामाची शेवटची आढी घातली. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे, आंब्यांवर पुन्हा पेंढा, आणि मग दार ओढून घ्यायचं. पहिले काही दिवस खोलीला नुसता पेंढ्याचा वास येतो, कोरडा, नाकात खुपणारा. मग त्यात थोडी आंबूस छटा मिसळते. आणि एखाद्या सकाळी चहाचं आधण ठेवताना तो दुसरा वास स्वयंपाकघरापर्यंत चालत येतो. त्या वासाने मला दरवर्षी एकच उन्हाळा आठवतो. ईरा, निहार, तुम्ही दोघं या घरात होतात तो. निहारला तो आठवत नसेल. ईराला वास आठवत असेल, माणसं पुसट झाली असतील.

ईरा, मेलबर्नबाहेर कुठल्याशा डोंगरात मैत्रिणींबरोबर शनिवार-रविवारच्या शिबिराला जाऊन आलीस आणि तू मला फोन केलास. म्हणालीस, "आजी, आतून जागं झाल्यासारखं वाटतंय. मी कधी तुला दुखावलं असेल तर सॉरी." मला दुखवायला तू इतकी जवळ कधी राहिलीस, असं माझ्या मनात आलं. मग म्हणालीस की आता दर रविवारी फोन करणार. आणि फोन ठेवता ठेवता दोन प्रश्न विचारलेस. असं जागं होणं टिकतं का गं? आणि आम्ही रत्नागिरीला परत कधीच का आलो नाही?

तुला ते दोन वेगळे प्रश्न वाटले. मला एकाच प्रश्नासारखे ऐकू आले. म्हणून म्हटलं, लिहून पाठवते.

मला गोष्टी क्रमाने मांडायची सवय आहे. शाळेत इंग्रजी शिकवायचे तेव्हा निबंधाच्या तासाला मुलांना सांगत असे, आधी काय घडलं ते लिहा, मग तुम्हाला काय वाटलं ते. या बाबतीत मला स्वतःला ते जमत नाही. काय घडलं ते आठवायला गेले की काय वाटलं तेच आधी येऊन बसतं.

तरी प्रयत्न करते. तुमचे आजोबा कोयना प्रकल्पात अभियंता होते. आमचा संसार झाला अलोऱ्याच्या कॉलनीत. एकसारखी क्वार्टर्स, पावसात शेवाळाने हिरव्या होणाऱ्या भिंती, संध्याकाळी क्लबात कॅरम. तुमचे दुसरे आजोबा, जाधवभाऊ, त्याच कार्यालयात. कॅरमला दोघं कायमचे जोडीदार. जाधव बौद्ध, आम्ही मराठा, आणि कॉलनीत असताना या गोष्टीचा कुणी उल्लेखही करत नसे. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून खीर यायची, आजोबा वाटी पुसून खायचे. मग तुमच्या आईने, आमच्या शुभाने, जाधवांच्या मिलिंदशी लग्न करायचं ठरवलं, आणि खीर, कॅरम, जोडीदार सगळं एका दिवसात संपलं. आजोबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर वाद घालता आला असता. त्यांनी फक्त तिचं नाव घेणं थांबवलं. मी तिच्याशी फोनवर बोलत असे. मी फोन उचलला की ते चप्पल पायात सरकवून अंगणात जात आणि बोलणं संपेपर्यंत काही ना काही उपटत राहत. तण नसेल तर झेंडूची रोपंसुद्धा.

तुम्ही दोघं पुण्यात जन्मलात ते त्यांना माहीत होतं. मी पेढे आणले होते. ते त्यांनी खाल्ले. कशाचे, ते विचारलं नाही.

निवृत्तीनंतर आम्ही इथे, रत्नागिरीजवळच्या त्यांच्या वडिलांच्या बागेत येऊन राहिलो. आजोबा दिवसभर रिकामे, चिडचिडे. त्यांचे जुने सहकारी देसाई मागे लागले, एका शिबिराला चला, माणूस बदलतो. आजोबा म्हणाले, "या वयात काय बदलायचंय? गंजलेला पाइप आहे मी. बदलायचा तर अख्खी लाइन उकरावी लागेल." देसाई म्हणाले, "अहो, निदान जेवण चांगलं असतं." त्या जेवणाच्या नावावर गेले. हॉलमध्ये एसी असतो म्हणून भर चैत्रात स्वेटर घेऊन.

शिबिर गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात होतं. शेवटच्या संध्याकाळी घरच्यांना बोलावलं होतं, म्हणून मीही गेले. आत शिरण्याआधीच थबकले. हॉटेलच्या मागे सुरूची झाडं होती आणि प्रत्येक झाडाखाली एकेक माणूस उभा, कानाला फोन, सगळ्यांची एकमेकांकडे पाठ, आणि बहुतेकजण रडत होते. चहाचा ट्रे घेतलेला एक वेटर मधोमध उभा होता. कुणाला कप द्यावा हे त्याला कळत नव्हतं. आतून माइकवर शिबिर घेणाऱ्या सरांचा आवाज येत होता. ज्या माणसाशी तुमचं बोलणं तुटलं आहे त्याला आत्ता फोन करा, उद्या नाही, आत्ता.

तुमचे आजोबा सगळ्यात टोकाच्या झाडाखाली होते. मी जवळ पोचले तेव्हा म्हणत होते, "शुभा, मी बाबा बोलतोय. माझं चुकलं." एवढंच. फोन त्यांनी माझ्या हातात दिला. पलीकडून शुभा घाबऱ्याघाबऱ्या विचारत होती, "बाबा, आईला काय झालंय? आई आहे ना?"

इतक्या वर्षांनी वडिलांचा फोन आला तर तो आई गेल्याचाच असणार, असं तिने धरलं होतं.

रिक्षातून परत येताना त्यांनी माझा हात धरला. लग्नानंतर असा चारचौघांत कधी धरला नव्हता. समुद्र उजव्या बाजूला काळा होत चालला होता. म्हणाले, "किती सोपं होतं गं. मला इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?" मी सांगितलं होतं. दरवर्षी, कधी समजावून, कधी भांडून, कधी दोन दिवस न जेवता. पण मी कॉलरला माइक लावून सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. कुणाच्या का तोंडून, ऐकू आलं ना, असं म्हणून मी त्यांचा हात तसाच धरून ठेवला.

आणि तुमची शाळा सुटल्यावर तुम्ही आलात.

तो उन्हाळा मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. निहार आढीच्या खोलीत पेंढ्यात लोळतोय, अंगभर खाज, आणि आजोबा त्याला विहिरीवर उभा करून कळशीने पाणी घालताहेत. शुभा पहिल्या दिवशी पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसलेली, आणि आठवड्याने न विचारता फळीवरचा डबा उघडून शेव खाणारी. पडवीत दुपारी पसरलेल्या चटया. तुमच्या आजोबांचं हसणं, जे मला अलोऱ्याच्या क्लबातून लांबून ऐकून माहीत होतं, घरात कधी ऐकलं नव्हतं.

आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला पहिला आंबा पितरांच्या नावाने ठेवतात. तोवर घरात कुणी आंबा खात नाही. आजोबा या बाबतीत फार कडक. आदल्या वर्षापर्यंत आढीत पिकलेले आंबे टोपलीत वाट बघत बसायचे, थोडे नासायचे, पण हात लावायचा नाही. त्या वर्षी तृतीयेला अजून अवकाश होता. ईरा, तू आढीच्या दारात उभी राहून नुसता वास घेत होतीस. त्यांनी पेंढ्यात हात घातला, चाचपून एक काढला, धोतराला पुसला आणि तुझ्या हातात दिला. मी म्हटलं, "अहो, अजून तृतीया व्हायचीय." ते म्हणाले, "माझ्या बापाला मी सांगतो काय ते. हिला कुठे थांबवू?"

मिलिंदला घेऊन ते सकाळी मिरकरवाड्याला जात, मासळीला. पहिल्या दिवशी दोघं परतले ते आजोबा सरळ विहिरीकडे आणि मिलिंद स्वयंपाकघराच्या दाराशी. हातात सरंग्याची पिशवी. ती माझ्याकडे द्यायचं विसरून तो म्हणाला, "आई, त्या मासळीवाल्या मावशीने बाबांना विचारलं, ह्यो कोन? तर बाबा म्हणाले, जावई माझा. चांगला ताजा दे, जावई हाय." आणि मग तो हसला, आणि हसता हसता त्याने पाठ वळवली. पिशवीतून पाणी टपकून जमिनीवर थारोळं झालं होतं. एवढा मोठा माणूस, पुण्यात मोठ्या हुद्द्यावर, तो एका शब्दासाठी माझ्या दारात तसा उभा होता.

तुम्ही जायच्या आधी आजोबांनी निहारच्या हाताने एक कलम लावलं, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, अलीकडे. लावताना त्याला समजावून सांगत होते, जणू तो कार्यालयातला नवा ज्युनियर आहे. हे बघ, खाली रायवळचं रोप आहे, गावठी आंब्याचं. त्याला म्हणायचं खुंट. त्यावर ही हापूसची काडी बांधली आहे. खुंटाला सारखं वाटत असतं की आपणच वाढावं. म्हणून तो जोडाच्या खालून फुटतो. ते फुटवे येतील तसे खुडत राहायचे. नाही खुडले तर सगळा रस तेच घेतात, आणि वरची काडी वाळून जाते. निहारने विचारलं, किती वेळा खुडायचे? आजोबा म्हणाले, येतील तितक्या वेळा. तू नको काळजी करू, मी आहे ना इथे.

पावसाळाभर त्यांनी ते केलं. छत्री घेऊन जायचे, वाकून बघायचे, शुभाच्या फोनवर झाडाचा फोटो पाठवायचे. याच काळात ते शिबिराचा पुढचा टप्पाही करून आले. त्यांच्या बोलण्यात नवे शब्द आले होते. जबाबदारी, मोकळं होणं, पूर्ण करणं. जेवताना मला समजावत. मी ऐकत असे. सुखात असलेल्या माणसाचं बोलणं ऐकायला काय जातं.

माघात त्यांच्या मोठ्या बहिणीच्या, अक्कांच्या नातवाचं लग्न निघालं. अक्का आमंत्रणाची यादी ठरवायला आल्या. पडवीत बसल्या, पान लावलं, आणि सहज बोलावं तशा म्हणाल्या, "अगो, शुभाला बोलव की. घरची लेक ती. एकटी येऊ दे. मुलीकडच्यांना उगाच काय काय सांगत बसायचं?"

आजोबा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. सुरूच्या झाडाखालचा तो माणूस आत्ता बोलेल, असं मला वाटत होतं. ते कातरलेलीच सुपारी पुन्हा कातरत राहिले. तिचा भुगा झाला तरी थांबले नाहीत. मीच अक्कांना म्हटलं, एकटी बोलवायची तर बोलवायलाच नको. अक्का म्हणाल्या, "तू शिकलेली, तुला काय. भावकीत तोंड आम्हाला दाखवायचंय." त्या गेल्यावर आजोबा म्हणाले, "या वेळी राहू दे. पुढे बघू." आणि उठून अंगणात गेले. मला ती चाल ओळखीची होती.

शुभाला हे सांगणं माझ्यावर आलं. ती रडली नाही. म्हणाली, "आई, बाबांना सांग, मला एकटीला बोलावतात तिथे मी येत नाही." ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, एखादा निरोप मिळाल्यासारखी. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी फोन केला नाही, तिने केला नाही, आणि मग मिलिंदला मेलबर्नची नोकरी मिळाली. निघण्यापूर्वी मी पुण्याला येऊन तुम्हाला भेटले. आंब्याची पेटी आजोबांनी स्वतः बांधून दिली होती, कोपऱ्याकोपऱ्यात पेंढा कोंबून, दोरी दोनदा ओढून बघून. स्वतः आले नाहीत. त्या वर्षीपासून पहिला आंबा पुन्हा तृतीयेलाच निघू लागला.

मला वाटलं, आता हे शिबिर-बिबिर सुटेल. तसं झालं नाही. ते पुन्हा गेले. तेच हॉटेल, तीच झाडं. आणि परत आले ते पुन्हा तसेच, डोळे पाणावलेले, चेहरा उजळलेला. मी धावत जाऊन फोन त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, करा शुभाला. त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. अगदी मायेने. म्हणाले, "अगं, ते मी मागेच पूर्ण केलंय."

ईरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी अनेक वर्षं शोधते आहे आणि दर वेळी त्या वाक्यापाशी येऊन थांबते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ते काम झालेलं आहे. त्या झाडाखाली एकदा चूक कबूल केली, रडले, हलके झाले. त्यांच्या बाजूने व्यवहार संपला. तुमच्या आईचं काय, मिलिंदचं काय, पुढच्या मंगळवारी अक्का आल्या की काय म्हणायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि तीन दिवसांत कोण शिकवणार? त्या सभागृहात अक्का नव्हत्या. भावकी नव्हती, अडकित्ता नव्हता. होती ती सगळी अनोळखी माणसं, खांद्यावर हात ठेवणारी. अनोळखी माणसांमध्ये चांगलं होता येतं. तिथे आपल्याला आधीपासून कुणी ओळखत नसतं.

माझ्या मैत्रिणी अशा शिबिरांना हसतात. पैसे उकळण्याचे धंदे म्हणतात. असतीलही. मला हसता येत नाही, कारण दार उघडलेलं मी पाहिलं आहे. ज्या माणसाबरोबर मी जन्म काढला त्याच्या आत दुसरा एक माणूस होता, आणि तो मला एक उन्हाळाभर भेटला. अनोळखी सरांनी तीन दिवसांत जे केलं ते मला जन्मात करता आलं नाही, हे मी मान्य करते. पण तो माणूस आहे हे कळल्यावर त्याच्याशिवाय राहणं जास्त जड गेलं, हेही खरं आहे. आधी मी कोरड्या माणसाबरोबर राहत होते. नंतर मी, हसणारा माणूस आत असूनही बाहेर न येणाऱ्या माणसाबरोबर राहिले. हे दुसरं मला सोसलं नाही.

गेल्या पावसात आजोबा गेले. फार त्रास झाला नाही. शेवटच्या दिवसांत त्यांनी शुभाचं नाव घेतलं असतं तर मी ते इथे आधी लिहिलं असतं. तुम्हाला येणं जमलं नाही, ते मी समजू शकते. फोनवर शुभा रडत होती, मग तिने फोन मिलिंदला दिला. त्याने विचारलं, "आई, मिरकरवाड्याची ती मावशी अजून बसते का हो?"

मी म्हटलं, बसते.

आता निहारच्या झाडाबद्दल. ते सांगायचं मी टाळत होते. या वर्षी त्याला पहिल्यांदा मोहोर आला. मी फोटो पाठवला तेव्हा ईरा, तू लिहिलंस, आमचा हापूस. मलाही तसंच वाटलं होतं. झाड चांगलं उंच झालं आहे, पाणी गडी घालत होता, पाला-शेण मिळत होतं. पण फळ धरलं ते बारकं आणि गोल. मी खाली बसून बुंधा बघितला. जोडाच्या जागी हापूसची काडी बोटभर उरली आहे, काळी, वाळलेली. आणि तिच्या खालून फुटलेला रायवळचा फुटवा मांडीएवढा जाड होऊन झाड झाला आहे. माघातल्या त्या लग्नानंतर आजोबा गडग्याच्या बाजूला फिरकले नव्हते. पाण्यावर झाड जगतं, ते जगलं. फुटवे कुणी खुडले नाहीत.

तृतीयेला मी बागेतला हापूस त्यांच्या नावाने ठेवला. ते आता पितर झाले, त्यांचा मान त्यांना. मागच्या आठवड्यात त्या झाडाचा पहिला पिकलेला आंबा आपोआप खाली पडला. धुऊन तोही त्यांच्या फोटोपुढे ठेवला, आणि संध्याकाळी पडवीत बसून चोखायला घेतला. गोड होता. दोरे दातांत अडकले. तुमच्या आजोबांना लहानपणापासून रायवळच आवडायचे, हापूस ते लोकांना वाटायचे. हे आठवलं आणि अर्धा आंबा मी तसाच खाली ठेवला.

टिकतं का, विचारलंस. आपलं आपण टिकत नाही, ईरा. एवढंच मला कळलं आहे.

शिबिरानंतर तू दोन रविवार फोन केलास. दोन्ही वेळा मी आधीच खुर्ची खिडकीशी ओढून बसले होते. मग तुझी परीक्षा आली असेल, मग कामं. मी रागावलेली नाही. तो पहिला फोन खरा होता, आणि त्याच्यापाठचे न आलेले फोनही खरेच आहेत, माणसाचं असंच असतं. पण मी एकदा एका माणसाला "पूर्ण केलंय" म्हणताना ऐकून गप्प बसले, आता पुन्हा ते ऐकायचं माझं वय राहिलं नाही.

आज रविवार आहे. तुमच्याकडे दुपार कलायला लागली असेल, थंडी पडायला लागली असेल. आढीच्या खोलीतून अजून नुसताच पेंढ्याचा वास येतो आहे. हे लिहून पाठवलं की मीच फोन करते. शुभा असेल तर आधी तिला दे, आणि मिलिंद घरी असला तर म्हणावं, सासूला जावयाशी बोलायचंय.